वाचकांचे प्रश्न : हेडसेट, हातातलं वाद्य आणि मधले मिलिसेकंद

बडोद्यातल्या आणि आसपासच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या वाचकांकडून या वेळी व्हीआर (सगळं दृश्य आभासी) आणि मिक्स्ड रिअ‍ॅलिटी (समोरच्या खऱ्या दृश्यावर आभासी चित्रं) हेडसेटबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत 'दिसेल कसं?' अशी विचारणा आहे. उत्तरं मात्र आम्ही बहुतेक ठिकाणी 'ऐकू किती उशिरा येईल?' इथून सुरू केली आहेत. कलावंताला या यंत्राकडून पहिल्यांदा हवा असतो तो वेळेवर पोचणारा आवाज. तो जमला नाही, तर बाकीचं कितीही देखणं असो, दुसऱ्या दिवशी कोणी ते डोक्यावर चढवत नाही.

माझी एक शिष्या लग्नानंतर पुण्याला गेली. व्हिडिओ कॉलवर तालीम चालू आहे, पण ठेक्यात एकत्र गाताच येत नाही. दोघींनी हेडसेट घालून एकाच आभासी खोलीत बसलो, तर तबल्यासकट गाता येईल का?
— गायनशिक्षिका, दांडिया बाजार

हेडसेटमुळे येणार नाही. हेडसेट बाजूला ठेवून, फक्त आवाजाची वाट नीट बांधली तर बऱ्याच अंशी येईल.

आवाजाला हवेतून एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. मंचावर तबलजी दीड-दोन मीटरवर बसतो, म्हणजे ५-६ मिलिसेकंदांचा उशीर आपल्या कानाच्या अंगवळणी पडलेलाच आहे. एका बाजूचा उशीर २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंत असेल तर दोघं मिळून लय धरू शकतात. त्यापुढे दोघंही नकळत एकमेकांसाठी थांबू लागतात आणि लय खाली बसत जाते. नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये हा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या घरात, पुष्कळदा त्याहून जास्त असतो. मिनिटाला १६० मात्रांच्या तीनतालात एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची. म्हणजे अर्धी मात्रा होत आली, ती वाटेतच गेली.

यात दोष अंतराचा नाही. बडोदे ते पुणे सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटर आहे आणि फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. तारा थोड्या वळणाने गेल्या तरी हे काम चार-पाच मिलिसेकंदांचं. उरलेला वेळ खातात ते वाय-फाय, आवाज दाबणं आणि उलगडणं, प्रतिध्वनी काढून टाकणारं सॉफ्टवेअर आणि आवाजाचे तुकडे, म्हणजे पाकिटं, मागेपुढे येतात म्हणून मध्ये राखून ठेवलेला साठा.

म्हणून दोन्ही घरी असं करा. संगणक राउटरला लॅन केबलने जोडा; वाय-फाय बंद. दोन इनपुटचा साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारी डबी), एक माइक, आणि वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ (आवाज कमी उशिरात नेणारा) ड्रायव्हर घाला. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल, हा २.७ मिलिसेकंदांचा होतो. आवाज तडतडला तर २५६ करा, तो ५.३ चा. सोनोबस, जॅमुलस किंवा जॅकट्रिप यांपैकी एक प्रोग्राम दोघींनी घ्या. तिन्ही मोफत मिळतात. दोघींपुरतं सोनोबस सोपं, कारण त्यात आवाज एका संगणकाकडून थेट दुसऱ्याकडे जातो. त्यातला जिटर बफर (वर सांगितलेला राखीव साठा) आधी 'ऑटो'वर ठेवा, दहा मिनिटांनी हाताने एकेक पायरी कमी करत जा आणि तडतड सुरू झाली की एक पायरी वर या.

सोनोबस जोडलंच जात नसेल, तर बहुतेक वेळा इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलेलं असतं. अशा वेळी कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागायचा, नाहीतर मुंबईतल्या सर्व्हरवरून जॅमुलस वापरायचं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे टिकत नाही. तिथे वेग पुरतो, पण पाकिटांच्या येण्यात सारखेपणा नसतो, आणि तालाला गरज सारखेपणाचीच आहे.

तानपुरा एकीकडून दुसरीकडे पाठवू नका. दोन्ही घरी आपापला लावा आणि षड्ज हर्ट्झमध्ये ठरवून घ्या. काळी चार असेल तर २०७.६५. तबला एकाच घरी ठेवा, आणि ज्या घरी तबला आहे तिथली गाणारी मोकळी गाईल, दुसरीने हेडफोनमधल्या ठेक्याला धरून राहायचं, हे आधीच ठरवा. दोघींनी एकमेकींना सांभाळायला सुरुवात केली की लय गेली.

व्हिडिओ कॉलच चालू ठेवायचा असेल, तर निदान झूममधलं 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' सुरू करा आणि त्यातलं प्रतिध्वनी काढणं बंद ठेवा. नाहीतर ते सॉफ्टवेअर तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजून गाळून टाकतं. अशा कॉलवर आलाप, 'मी म्हणते, तू म्हण' पद्धतीची तालीम आणि बंदिशीची दुरुस्ती व्यवस्थित होते. फक्त एकत्र गाऊ नये.

राहिलं चित्र. चित्र आवाजाच्या मागे पडलं, म्हणजे आवाज आधी पोचला, तर साधारण ४५ मिलिसेकंदांपासून ते जाणवू लागतं. आवाज मागे पडला तर सव्वाशेपर्यंत डोळा सांभाळून घेतो. तालाच्या कामात मात्र ही तडजोड आपण मुद्दाम उलट्या बाजूने करायची: आवाज संगणकावरून शक्य तितका लवकर, चित्र वेगळ्या स्क्रीनवर येईल तेव्हा. हेडसेटमध्ये माणसाच्या जागी दिसणाऱ्या आभासी पुतळ्याला समेआधीची नजर नसते, गायिकेचे ओठ नसतात. त्यापेक्षा तानपुऱ्याच्या बाजूला ठेवलेला टॅबलेट कितीतरी उपयोगी.

ब्लूटूथ इअरफोन चालतील का? हेडसेटला वायर लोंबलेली नको वाटते.
— बासरीचा विद्यार्थी, मांजलपूर

वाजवताना नाही. साध्या ब्लूटूथवर आवाज १५० ते २५० मिलिसेकंद मागे राहतो आणि कमी उशिराच्या खास कोडेकवरही (आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) ४०च्या आसपास. मैफल ऐकायला हवे ते घाला. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ या हेडसेटला साडेतीन मिलिमीटरचा जॅक आहे. वायर मागच्या पट्ट्याला क्लिपने अडकवली की बासरीच्या आड येत नाही.

व्हीआरमध्ये हवेत हात हलवून तबला वाजवण्याचं अ‍ॅप मुलाला दाखवलं. रियाज होईल का? घरी ऑक्टोपॅडही आहे, नवरात्रात त्यावर गरब्याची साथ करतो.
— रावपुरा

तबल्याचा रियाज होणार नाही, आणि मुलाचा हात बिघडण्याची भीती आहे.

हिशोब पाहा. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची. तिच्यात 'तिरकिट' बसवलं तर प्रत्येक अक्षराला ६२ मिलिसेकंद मिळतात. हात ओळखणारे हेडसेटचे कॅमेरे सहसा सेकंदाला ३० ते ६० वेळा पाहतात. साठ धरले तरी एका अक्षराच्या वाट्याला चार चित्रंही येत नाहीत, आणि तेवढ्यात बोट खाली आलं, टेकलं, उठलं हे सगळं यंत्राला कळायला हवं. शिवाय कॅमेरे डोक्यावर. त्यांना दिसते हाताची पाठ. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला टेकून असते आणि तर्जनी चाटेवर पडते, ही जोडी वरून पाहिली तर एकमेकींच्या आड जाते. मान सरळ ठेवली की डग्गा नजरेच्या खाली डावीकडे निसटतो, म्हणजे कॅमेऱ्यातूनही निसटतो. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड तर कॅमेऱ्याला कळतच नाही, कारण ती हालचालीतून येत नाही, दाबातून येते.

सगळ्यात मोठी उणीव कातड्याची. बोट पुडीवर पडून परत उसळतं त्या उसळीवर पुढचं अक्षर उभं असतं. हवेत उसळी नाही, म्हणून वाजवणारा हात स्वतःच उचलतो आणि मनगट ताठ होतं. ही सवय चार आठवड्यांत बसते आणि काढायला वर्ष जातं.

ऑक्टोपॅडचं तसं नाही. त्याला पृष्ठभाग आहे, आणि पॅराडिडलसारखी ड्रमची व्हीआर अ‍ॅप्स बाहेरच्या मिडी पॅडशी (मिडी म्हणजे आवाज नव्हे, काय कधी वाजलं याचे संकेत) जोडता येतात. एकच नियम पाळा: कानात येणारा आवाज ऑक्टोपॅडच्या स्वतःच्या आउटपुटमधून, मिक्सरमार्गे, वायरच्या हेडफोनला. हेडसेटकडे फक्त मिडी जाऊ द्या, म्हणजे तो फक्त दाखवेल. हेडसेटने तयार केलेला आवाज ऐकत वाजवलं तर ठोका नेहमी जड वाटतो. एका पॅडवर मारल्यावर शेजारचाही वाजत असेल तर क्रॉसटॉक रोखण्याची पातळी वाढवा. हलका ठोका गळत असेल तर थ्रेशोल्ड कमी करा. स्टँडचे स्क्रू ढिले असले तरी शेजारचा पॅड वाजतो, ते आधी आवळा.

उशीर घरी मोजता येतो. हेडफोनची एक वाटी ऑक्टोपॅडशेजारी ठेवा, दोन्हींच्या मध्ये मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग चालू करा आणि काठीने पॅडवर दहा सुटे ठोके मारा. फाइल ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडा. प्रत्येक ठोक्याला आधी रबराचा 'ठप' आणि मग हेडफोनमधला आवाज असे दोन उंचवटे दिसतील. त्यांच्यातलं अंतर १० मिलिसेकंदांच्या आत हवं. दहाही ठोक्यांत अंतर सारखं असेल तर हात थोडाफार जुळवून घेतो. प्रत्येक वेळी वेगळं येत असेल, तर सरासरी कितीही चांगली असली तरी ती जोडणी रियाजाला नालायक समजा.

निवृत्तीनंतर कीबोर्ड शिकतोय. खऱ्या पट्ट्यांवर रंगीत सूर येऊन पडताना दाखवणारं मिक्स्ड रिअ‍ॅलिटीचं अ‍ॅप घ्यावं का? आणि घरच्या पेटीवर ते चालेल का?
— अलकापुरी

कीबोर्डवर जरूर वापरा. आज या तंत्रातून जे थोडं खरोखर कामाचं झालं आहे त्यात हे येतं. क्वेस्टवर पियानोव्हिजन हे त्यातलं परिचित अ‍ॅप.

कीबोर्डच्या मागे 'यूएसबी टू होस्ट' असं चौकोनी तोंड असेल तर तिथून हेडसेटच्या टाइप-सी तोंडापर्यंत केबल. जुन्या कीबोर्डला फक्त पाच पिनांची गोल मिडी तोंडं असतात. त्यांना मध्ये यूएसबी मिडी अ‍ॅडॉप्टर लागतो. हेडसेटला टाइप-सी तोंड एकच आहे. केबल लावली की चार्जिंग बंद आणि बॅटरी दोन तासांच्या आसपास, म्हणून चार्जिंग पुढे जाऊ देणारा छोटा हब घ्या. मिडी आणि चार्जिंग दोन्ही एकाच वेळी त्या हबवर चालतात की नाही, हे दुकानातच जोडून पाहा.

मग जुळवणी. कीबोर्ड हलणार नाही अशा स्टँडवर ठेवा. पलंगावर किंवा मांडीवर नाही. अ‍ॅप विचारेल तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर बोट नेमकं मधोमध टेकवा. इथे पाच मिलिमीटर चुकलं तरी एकसष्ट पट्ट्यांच्या टोकाला सूर शेजारच्या पट्टीकडे सरकलेले दिसतात. दिवा डोक्यामागून नको, कडेने हवा. चकचकीत पट्ट्यांवर उजेडाचा डाग पडला की बोटं ओळखण्यात चुका होतात. कीबोर्ड जरासा सरकला तर जुळवणी पुन्हा करायची, त्याला पर्याय नाही.

गाणी तयार मिळतात ती बहुतेक पाश्चात्त्य. आपली भजनं हवी असतील तर शिक्षकांना त्याच कीबोर्डवर वाजवायला सांगून मिडी फाइल म्हणून साठवा आणि ती अ‍ॅपमध्ये चढवा. मुरक्या काढून, सरळ चाल वाजवून घ्या. नाहीतर पडद्यावर सुरांचा पाऊस पडतो.

एक सवय पहिल्या आठवड्यापासून लावा. ओळ रंगीत सुरांसकट तीनदा, मग सूर लपवून तीनदा, मग हेडसेट काढून तीनदा. पडणाऱ्या सुरांना बोटं चिकटली की माणूस खेळ उत्तम खेळतो आणि गाणं येत नाही.

पेटीला मिडी नाही, त्यामुळे तिथे अ‍ॅप दाखवू शकेल, पण चूक की बरोबर ते सांगू शकणार नाही. वर डावा हात भात्यावर असतो आणि भात्याचा दाब हे पेटीचं निम्मं शिक्षण. त्यासाठी समोर माणूसच बसवा.

मुलीचा पहिला मोठा कार्यक्रम आहे. ती मंचावर घाबरते. प्रत्यक्ष सभागृहात सराव मिळत नाही. हेडसेटमध्ये सभागृह उभं करून गाता येईल का?
— अकोटा

येईल, आणि या कामासाठी हेडसेट आणायला आम्ही आनंदाने सांगू. तिच्या घरात ते सभागृह येऊ शकतं, डोळ्यांनी आणि कानांनीही.

अकोट्याचं सर सयाजीराव नगरगृह असो की गांधी नगरगृह, व्यवस्थापनाची परवानगी घेऊन कार्यक्रम नसताना एक तास मागा. ३६० अंशांचा कॅमेरा ट्रायपॉडवर, गायिका बसते त्याच जागी, बैठकीपासून ७५ ते ८० सेंटिमीटर उंचीवर ठेवा. उभ्या माणसाच्या उंचीवर ठेवला तर पाहताना आपण तरंगतोय असं वाटतं. मंचावरचे दिवे कार्यक्रमात असतील तसेच लावा. डोळ्यांवर येणारा उजेड आणि समोरचा अंधार हीच तर भीतीची अर्धी सामग्री आहे. दहा मिनिटं रिकामं सभागृह, आणि जमलं तर कुटुंबातली, कॉलनीतली पंधरा-वीस माणसं पहिल्या दोन रांगांत बसवून आणखी दहा मिनिटं. त्यांना कुजबुजू द्या, उठू द्या, एखाद्याला मधेच दार उघडून आत येऊ द्या. कॅमेरा मात्र हलवू नका. हललेल्या चित्राने मळमळतं.

आता कान. सभागृहाची गुंज उचलून घरी आणता येते. गायिकेच्या जागेपाशी एक चांगला स्पीकर, सभागृहाकडे तोंड करून. तिच्या कानाच्या उंचीवर माइक. २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर १५ सेकंदांचा वाजवा, नंतर पाच सेकंद शांतता, हे तीनदा. एसी आणि पंखे बंद. रीपर या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममधल्या 'रीअव्हर्ब' या प्लगइनला मूळ सूर आणि रेकॉर्डिंग दिलं की सभागृहाचा ठसा तयार होतो.

घरी मुलीच्या माइकचा आवाज त्या ठशातून काढून हेडफोनला द्यायचा. प्लगइनमधला उशीर शून्यावर आणणारा पर्याय सुरू ठेवा आणि फक्त गुंज ऐकवा, मूळ आवाज नको. मूळ आवाज तिला स्वतःचा ऐकू यायला हवा, म्हणून हेडफोन मागून उघडा असलेला घ्या. ठशाच्या सुरुवातीला थेट आलेल्या आवाजाचा उंचवटा असतो, तो कापून टाका. त्यापुढे तुमच्या जोडणीचा जेवढा उशीर, तेवढे मिलिसेकंद आणखी कापा, म्हणजे पहिला परतलेला आवाज बरोबर वेळेवर येतो. मंचाची मागची भिंत तीन मीटरवर असेल तर आवाज सहा मीटर फिरून १७ मिलिसेकंदांनी परत येतो. जोडणीचा उशीर त्याच्या आत असला की काम झालं.

रिकाम्या सभागृहाची गुंज भरलेल्यापेक्षा लांब असते, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. म्हणून गुंजेची पातळी घरी दोन-तीन डेसिबल खाली घ्या. नाहीतर मुलगी लांब गुंजेच्या भरवशावर गाईल आणि प्रत्यक्ष मंचावर तिला आपला आवाज कोरडा पडल्यासारखा वाटेल. ते घाबरण्याचं नवंच कारण व्हायला नको.

सरावही पूर्ण करा: चालत येणं, नमस्कार, बसणं, तानपुरा जुळेपर्यंतची शांतता, आणि मग पहिला षड्ज. हात-पाय गार पडतात ते त्या शांततेत.

हेडसेट घालून गाताना नाक दाबलं जातं, घाम येतो. उपाय?
— वाघोडिया रोड

क्वेस्ट ३ चं वजन ५१५ ग्रॅम आणि त्यातलं बरंचसं गालांवर येतं. नाकपुड्या दाबल्या की 'म'-'न'चा आवाज बदलतो आणि गायक तो भरून काढायला गळा आवळतो. मागे बॅटरी असलेला कडक पट्टा लावा. मागच्या वजनाने पुढचा भार उचलला जातो. चष्मा असेल तर हेडसेटमधली चष्म्यासाठीची मोकळीक वाढवा किंवा नंबरची भिंगं बनवून घ्या. गाताना एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. क्लासमध्ये एकच हेडसेट फिरत असेल तर पुसता येणारं सिलिकॉनचं आवरण बसवा, आणि भिंगं कोरड्या मऊ फडक्याने पुसा, स्पिरिटने कधीही नाही. बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी हेडसेट गाडीत ठेवू नका. उन्हाची तिरीप भिंगांवर पडली तर आतला पडदा जळतो, तो दुरुस्त होत नाही.

आमच्या वयोवृद्ध गुरुजींची सतारीची तालीम अशी जपायची आहे की पुढच्या मुलांना समोर बसल्यासारखं वाटावं. ३६० कॅमेरा पुरेल?
— शिष्यमंडळ, कारेलीबाग

३६० नको, व्हीआर १८० घ्या. गुरुजींच्या पाठीमागची भिंत कोणालाच पाहायची नाही, आणि १८० मध्ये दोन भिंगांमुळे खोलपणा दिसतो: तार पडद्यावरून किती खेचली जाते ते कळतं. कॅमेरा शिष्याच्या बसण्याच्या जागी, डोळ्यांच्या उंचीवर, गुरुजींपासून १ ते दीड मीटरवर. त्याहून जवळ आणला तर दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळत नाहीत आणि डोकं दुखतं. डाव्या हाताच्या मींडेसाठी आणि उजव्या हाताच्या मिजराबीसाठी दोन साधे कॅमेरे वेगळे लावा. हेडसेटमध्ये ती चित्रं बाजूला चौकटीत दाखवता येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर सेकंदाच्या ५० व्या किंवा १०० व्या भागावर ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते.

आवाजासाठी चार कॅप्सूलचा अँबिसॉनिक (सगळ्या दिशांचा आवाज टिपणारा) माइक कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, बाण गुरुजींकडे. शिवाय सतारीला आणि गुरुजींच्या बोलण्याला एकेक जवळचा माइक. तालमीत बोलणंच जास्त मोलाचं असतं आणि दूरच्या माइकवर तेच आधी हरवतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर चार चॅनलचा एक तास सुमारे २ जीबी होतो. दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. सुरुवातीला एकाने समोर, मग डावीकडे, मग उजवीकडे टाळी वाजवावी. पुढे चॅनलांचा क्रम चुकला, म्हणजे अँबिएक्स असलेली फाइल फ्यूमा म्हणून वाचली गेली (चॅनल मांडण्याच्या या दोन पद्धती), तर टाळ्या चुकीच्या बाजूने येतात आणि चूक लगेच पकडता येते.

आणि रेकॉर्डिंगच्या आधी गुरुजींशी बसून लेखी ठरवा: कोणत्या बंदिशी सर्वांसाठी, कोणत्या फक्त शिष्यांसाठी, फाइल कोणाच्या ताब्यात, त्यांच्या पश्चात निर्णय कोणाचा. त्यांच्या हालचालींवरून बोलका पुतळा बनवायला त्यांची संमती आहे की नाही, हेही स्वतंत्रपणे विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर ते नाहीच.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. शास्त्रीय संगीतासाठी मिक्स्ड रिअ‍ॅलिटीचं काहीतरी बनवायचं आहे. कलावंतांना नेमकं काय हवं असतं?
— चार विद्यार्थी, फतेहगंज

हा प्रश्न आधी विचारलात याचा फार आनंद झाला. बहुतेक जण बनवून झाल्यावर विचारतात.

पहिलं, हात मोकळे हवेत. हातात कंट्रोलर धरून कोणी तानपुरा छेडत नाही, आणि हवेत चिमटा काढून बटण दाबायचं तर वाजवणं थांबतं. ब्लूटूथ पायपेडल कीबोर्डसारखं ओळखलं जातं. पान उलटणं, पुन्हा सुरुवात, लय कमी-जास्त एवढं त्यावर द्या. बटणासाठी ब्लूटूथचा उशीर चालतो.

दुसरं, श्रुती. तयार सॉफ्टवेअरमधला गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) असतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा ३८६ वर. चौदा सेंटांचा हा फरक पाच मिनिटांत कानाला टोचू लागतो. सुरांचं कोष्टक वापरणाऱ्याला रागाप्रमाणे बदलता आलं पाहिजे. मींडेसाठी साधं मिडी पुरत नाही, कारण त्यात एका चॅनलवरच्या सगळ्या सुरांना पिच बेंड (सूर वर-खाली सरकवणं) एकच. २०१८ मध्ये प्रमाणित झालेलं एमपीई, म्हणजे मिडीचंच वाढीव रूप, घ्या; त्यात प्रत्येक सुराला स्वतःचा बेंड मिळतो. ४८ अर्धस्वर वर आणि खाली एवढी व्याप्ती १६,३८४ पायऱ्यांत विभागली तरी एक पायरी ०.६ सेंटची होते. ती पुरेशी बारीक आहे.

तिसरं, गायकाचा सूर पडद्यावर दाखवण्याची सगळ्यांना हौस असते. पण काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या मध्य षड्जाचं एक आवर्तन ७ मिलिसेकंदांचं. सूर ओळखायला दोन-तीन आवर्तनं तरी लागतात, वर हेडसेटचा उशीर. त्यामुळे संथ आलापात, ठेहरावावर हे दाखवा. तानेच्या वेळी रेघ लपवा. मागे राहिलेली रेघ पाहून गाणारा सूर उगाच दुरुस्त करायला जातो आणि लागलेला सूर हलतो.

चौथं, ताल. सोळा मात्रांची पट्टी नजरेच्या कडेला, मंद उजेडात, तबलजी बसेल त्या बाजूला; समेला आणि खालीला फक्त रंगाचा फरक. लुकलुकणं नको, उड्या नकोत. मनगटावर ठोका देणारा पट्टा करणार असाल तर मोबाइलमधली साधी फिरती मोटर वापरू नका. तिला वेग घ्यायलाच काही दहा मिलिसेकंद लागतात, ठोका पसरतो. रेषेत हलणारा अ‍ॅक्च्युएटर घ्या.

पाचवं, स्वरलिपी. बडोद्यात १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये भातखंड्यांनी इथेच भरवली. तरीही भातखंडे स्वरलिपी हेडसेटमध्ये नीट वाचता येईल अशी मांडणी आज सहज हाती लागत नाही. मंद्राचा बिंदू खाली, तारचा वर, कोमलची आडवी रेघ, मात्रेचा कंस, खाली बोल. दीड मीटरवर, वाचणाऱ्याला मान न वाकवता वाचता येईल अशा आकारात. एवढं जरी चांगलं केलंत तरी गावातले क्लास ते वापरतील.

आणि दोन तानपुरे मागे, डावीकडे व उजवीकडे, मान वळवली तरी जागेवर राहणारे. गाणाऱ्यांना हे आवडतं, आणि करायलाही फार जड नाही. तानपुऱ्याचा आवाज सलग असल्याने थोडा उशीर झाला तरी कळत नाही. मान वळवल्यावर मात्र जागा लगेच बदलायला हवी. आवाजाचा नमुना छोटा करून गोल फिरवू नका. कान त्याचा सांधा तिसऱ्या फेरीत पकडतो. किमान तीन-चार मिनिटांचं सलग छेडणं, दोन वेगवेगळ्या तानपुऱ्यांचं, वेगवेगळ्या लयीत.

पहिल्या आवृत्तीत पेडल, तालाची पट्टी आणि तानपुरे यांपलीकडे जाऊ नका. वर ऑक्टोपॅडसाठी दिलेली मोजणी त्यावर करा आणि मग एका तबलाशिक्षकांकडे आणि एका गायिकेकडे पंधरा दिवस ठेवायला द्या. तुम्ही समोर बसून 'कसं वाटलं?' विचारू नका. त्यांनी ते कोणत्या दिवशी वापरलं आणि किती मिनिटांनी काढून ठेवलं, एवढीच नोंद अ‍ॅपने ठेवावी, त्यांना सांगून.